आयर्लंडचे निकाल पहिल्या पसंतीवर वाचू नयेत

मा. संपादक,
स. न.

आयर्लंडमधल्या कौंटी कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, निवडणुकीची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते ती बहुधा दोन गोष्टींपुरती: कोणत्या पक्षाला किती टक्के मते मिळाली आणि भारतीय वंशाचे कोण निवडून आले. तिथे एका विभागातून अनेक सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांच्या नावांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितो. यातली टक्केवारी पहिल्या पसंतीच्या मतांची, म्हणजे फक्त ‘1’ ची, असते आणि तिथे निकाल त्या मतांवर संपत नाही. ही गोष्ट बातमीत आलीच पाहिजे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

7 जून 2024 च्या निवडणुकीचेच घ्या. 31 स्थानिक संस्था, 166 विभाग, 949 जागा. पहिल्या पसंतीच्या मतांत फिने गेल हा पक्ष फियाना फॉल या पक्षाच्या किंचित पुढे होता. दोघेही 23 टक्क्यांच्या आसपास. जागा मात्र फियाना फॉलला 248 आणि फिने गेलला 245. सिन फेन या तिसऱ्या पक्षाला सुमारे 12 टक्के मते आणि 102 जागा मिळाल्या. सिन फेनने सव्वातीनशेहून अधिक उमेदवार दिले होते. एका विभागात पक्षाचे उमेदवार गरजेपेक्षा जास्त झाले की पहिली मते विखुरतात, कोणीच वरच्या क्रमांकात राहत नाही आणि एकेक जण लवकर बाद होतो. बाद झालेल्याची सगळी मते पक्षातच राहतात असेही नाही. काही शेजारच्या गावच्या अपक्षाकडे जातात, काहींवर पुढची पसंतीच नसते. 180 हून अधिक अपक्ष निवडून आले, त्यामागे अशी पक्षाबाहेर जाणारी मतेही आहेत.

मोजणी कशी चालते ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. विभागात 7 जागा आहेत आणि वैध मते 16,000. जागांत एक मिळवून त्याने मतांना भागायचे आणि उत्तरात एक मिळवायचा: 16,000 भागिले 8, अधिक 1, म्हणजे 2,001. हा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते. एका उमेदवाराला पहिल्याच फेरीत 2,601 मते पडली, तर तो निवडून आला आणि 600 मते शिल्लक उरली. आता त्याच्या सर्व 2,601 मतपत्रिका पुन्हा उघडून दुसऱ्या पसंतीप्रमाणे गठ्ठे लावतात. समजा 2,400 पत्रिकांवर पुढची पसंती आहे आणि त्यांतल्या 1,200 वर ती एकाच उमेदवाराला आहे. मग 600 पैकी निम्मी, म्हणजे 300 मते त्याला मिळतात. त्यासाठी त्याच्या गठ्ठ्यात शेवटी ठेवलेल्या, म्हणजे वरच्या 300 पत्रिका प्रत्यक्ष उचलून त्याच्याकडे दिल्या जातात. तळाच्या 900 जागेवरच राहतात. वरच्या पत्रिकांवर तिसरी पसंती कोणाची आहे यावर पुढच्या फेऱ्यांत थोडा नशिबाचा भाग येतो. म्हणून मोजणीआधी सगळ्या पत्रिका नीट मिसळून घेतात. शिल्लक मते वाटून संपली की तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या सर्व पत्रिका पूर्ण किमतीने पुढच्या पसंतीकडे जातात. शेवटच्या जागेवरचा उमेदवार बरेचदा कोटा न गाठताच विजयी ठरतो, कारण तोवर पुष्कळ मतपत्रिकांवरच्या पसंत्या संपलेल्या असतात.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. त्याच वर्षी 12 जुलैला विधान परिषदेच्या 11 जागांसाठी 12 उमेदवार होते आणि 274 आमदारांनी मतदान केले. तिथेही हीच पद्धत आहे, फक्त प्रत्येक मताची किंमत 100 धरतात. 27,400 भागिले 12, अधिक 1, अपूर्णांक सोडून 2,284. म्हणजे पहिल्या पसंतीची 23 मते हवीत. फरक शिल्लक मतांच्या वाटपात आहे. आपल्याकडे पत्रिका उचलून देत नाहीत, किंमत कमी करतात. एखाद्याला 26 मते पडली तर शिल्लक 316. सर्व 26 पत्रिकांवर पुढची पसंती असेल तर प्रत्येक पत्रिका 12 किमतीने पुढे जाते. वरची पत्रिका कोणती आणि तळाची कोणती, हा प्रश्नच उरत नाही. या बाबतीत आपला नियम अधिक नेमका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयर्लंडमध्ये आजही मतदान कागदावरच होते. इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर 5 कोटी युरोंहून अधिक खर्च झाला, 2002 मध्ये तीन मतदारसंघांत ती वापरलीही गेली. पण 2004 मध्ये नेमलेल्या आयोगाने त्यांच्या अचूकतेची खात्री देता येत नाही असे सांगितले आणि ती कायमची बाजूला पडली. त्यामुळे मोजणीच्या सकाळी पेट्या उघडल्या की कठड्याबाहेर पक्षांचे कार्यकर्ते वही घेऊन उभे राहतात. कर्मचारी घडी उलगडत असताना प्रत्येक पत्रिकेवरचा ‘1’ कुठे आहे हे पाहून नावापुढे रेघ मारतात. एरवी एकमेकांचे विरोधक असलेले हे लोक आकडे एकत्र करतात, आणि अधिकृत पहिली फेरी जाहीर होण्याच्या कितीतरी आधी कोणत्या गावाने कोणाला उचलून धरले हे कळलेले असते. पूर्ण निकालाला मात्र दोन-तीन दिवस सहज लागतात.

मतदाराकडून होणारी सर्वात मोठी चूकही इथे नोंदवली पाहिजे. एकाच दिवशी दोन निवडणुका असल्या आणि दोन मतपत्रिका हातात आल्या की काही जण एकीवर 1, 2, 3 लिहितात आणि दुसरीवर 4, 5, 6. केरी कौंटीच्या लिस्टोवेल विभागात 2014 मध्ये अशा पत्रिका वैध धरल्या गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘1’ नसलेले मत मोजता येत नाही असा निर्णय 2015 मध्ये देऊन न्यायालयाने फेरमोजणी करायला लावली. मधला आकडा गाळला तरी नुकसान होतेच: 1, 2, 4 लिहिले तर मत दोनवर थांबते.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले, कारण त्यांचे घराणे मालवण तालुक्यातल्या वराडचे. पंतप्रधानपदापर्यंतच्या त्यांच्या वाटचालीची सुरुवात कौंटी कौन्सिलातूनच झाली, याचा उल्लेख क्वचित सापडतो. 2003 मध्ये ते फिंगल कौंटी कौन्सिलवर स्वीकृत सदस्य म्हणून आले. तिथे रिक्त जागेसाठी पोटनिवडणूक होत नाही, कौन्सिलच सदस्य निवडून घेते. 2004 मध्ये कॅसलनॉक विभागात त्यांना पहिल्या पसंतीची 4,894 मते पडली. त्या निवडणुकीत देशभरात तीच सर्वाधिक होती.

संपादकांना विनंती अशी की पुढच्या वेळी विजयी उमेदवाराच्या नावाबरोबर तीन आकडे छापावेत: कोटा, त्याची पहिल्या पसंतीची मते आणि तो कितव्या फेरीत निवडून आला. एवढ्यावरून जागा सहज मिळाली की इतरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर, हे वाचकाला समजते.

आणि आयर्लंडमधल्या मराठी कुटुंबांसाठी. या निवडणुकीत मत द्यायला आयरिश नागरिकत्व लागत नाही. वय 18 पूर्ण आणि तिथे वास्तव्य असले की वर्क परमिटवरचा माणूसही मत देऊ शकतो, उमेदवारही होऊ शकतो. नाव नोंदवायला पीपीएस क्रमांक (तिथला वैयक्तिक ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि घराचा एअरकोड (तिथला पिनकोड) हाताशी ठेवावा. नोंदणी ऑनलाइन होते. भाड्याचे घर बदलले की पत्ताही लगेच बदलून घ्यावा, नाहीतर मतदान केंद्र जुन्या विभागातलेच राहते. पुढची निवडणूक 2029 मध्ये आहे. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे आकडा घालून थांबू नये. ज्यांना निवडून आलेले चालेल अशा प्रत्येकापुढे क्रमाने आकडा घालावा. आपला उमेदवार तिसऱ्या फेरीत बाद झाला तरी ती पत्रिका पुढच्या फेऱ्यांत मोजली जाते.

आपला,
एक वाचक, डब्लिन