गणपती उठले की या, गाडी सावकाश चालवीन

बर्मिंगहॅम, मे महिना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल मंगळवारी सुट्टी घेतली आणि तुम्हाला न सांगता एक काम उरकलं. सकाळी साडेआठला एकटीच गाडी घेऊन कॉट्सवोल्ड्सच्या, म्हणजे इथल्या जुन्या दगडी खेड्यांच्या टेकड्यांच्या भागाच्या, बाजूला गेले. तुम्ही आलात की ज्या रस्त्याने तुम्हाला न्यायचंय, तो आधी स्वतः जाऊन पाहिला.

मागच्या खेपेला आठ दिवसांत लंडन, एडिनबरा, पॅरिस केलं आपण. निघताना विमानतळावर आई म्हणाली, "सगळं छान दाखवलंस गं, पण आता मला नुसते जिनेच आठवतायत." बाबांचा गुडघाही तेव्हाच धरला. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून या वेळी पूर्ण एक दिवस फक्त चार गावांसाठी ठेवलाय. पहिल्यापासून शेवटच्या गावापर्यंत अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. काल मी प्रत्येक ठिकाणी बाक कुठे आहे, सावली कुठे आहे, गाडीपासून किती पावलं चालावं लागतं आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे वहीत टिपून घेतलंय.

पहिलं गाव चिपिंग कॅम्पडन. 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार, आपलं चांदूर बाजार असतं ना, तसंच. इथली घरं ज्या दगडाची आहेत त्याचा रंग, आई, लाडवासाठी बेसन खमंग भाजत आलं की होतो ना, अगदी तो. वाण्याचं दुकान, चर्च, बसथांबा, सगळं त्याच दगडाचं. रस्त्याच्या मधोमध कमानींचा एक उघडा मंडप आहे. लोणी, चीज, कोंबड्या विकायला येणाऱ्यांना पावसापासून आडोसा मिळावा म्हणून बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या श्रीमंत कापड व्यापाऱ्याने तो 1627 साली बांधून दिला. खालची फरशी इतकी झिजलीय की काही दगड वाटीसारखे खोलगट झालेत, आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी अजून त्यात साचलेलं होतं. बाबा, तिथे माझा हात धरायचा, नको म्हणायचं नाही. 1940 च्या दशकात हा मंडप अमेरिकेला विकला जायच्या बेतात होता, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो वाचवला. मी तिथे अर्धा तास नुसती बसून राहिले. एक आजी कुत्र्याला घेऊन आल्या, हवापाण्याचं दोन शब्द बोलल्या आणि गेल्या.

तिथून मोर्टन-इन-मार्श. मुद्दाम मंगळवार निवडला, कारण इथे मंगळवारी बाजार भरतो. रुंद रस्त्याच्या कडेने कापडी छपरांची दुकानं. भाजी, पाव, मासे, चपला, पडद्याचं कापड, आपल्या आठवडी बाजारात असतं ते सगळं. सध्या शतावरीच्या जातीचे हिरवे कोवळे कोंब आलेत, जवळच्या ईव्हशॅमचे त्यासाठी नाव काढतात. एक जुडी घेतली आणि रात्री मोहरी-मिरचीची फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून परतली. आई, तुला आवडेल. तुम्ही याल तेव्हा हंगाम संपलेला असेल, पण सफरचंदं आलेली असतील.

बाबा, आता तुमच्यासाठी. मोर्टनपासून थोड्या अंतरावर डेल्सफर्ड नावाचं लहानसं खेडं आहे. वाट एका गाडीपुरती. समोरून कोणी आलं की एकाने कडेला थांबायचं आणि जाताना दोघांनी हात वर करायचा. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्ज पुरलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल, वडगावला मराठ्यांना शरण आलेल्या इंग्रजांनी लिहून दिलेला करार ज्याने झुगारला आणि पुढे 1782 मध्ये ज्याला महादजी शिंद्यांमार्फत सालबाईचा तह करावा लागला, तोच हेस्टिंग्ज. त्याच्या पूर्वजांची ही जागा घराण्याच्या हातून गेली होती, ती त्याने 1788 मध्ये परत विकत घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटसमोर त्याच्यावर खटला उभा राहिला, तो सात वर्षं चालला आणि तो सुटला. मेला 1818 मध्ये, म्हणजे आपली पेशवाई बुडाली त्याच साली. कलशाच्या आकाराचं साधं स्मारक आहे, त्यावर शेवाळ धरलंय, बाजूला गवत. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लहानपणी वडगावची लढाई तुम्ही मला जेवताना पाटावर वाटी, फुलपात्र आणि लिंबाची फोड मांडून समजावली होती. तिथे उभं राहून मला तुमची इतकी आठवण झाली की फोन काढला, पण रेंजच नव्हती. तुम्ही तिथे उभे असताना काय बोलाल, ते मला ऐकायचंय.

जवळच सेझिनकोट नावाची हवेली आहे, ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून आलेल्या चार्ल्स कॉकरेलची. तिला मोगली घाटाचा तांब्याचा घुमट आहे, बागेत सूर्याचं देऊळ आणि पुलावर नंदी. बाग ठरावीक वारीच उघडते, काल बंद होती. नंदी तुमच्याबरोबरच बघीन.

मोर्टनहून दक्षिणेला रोमन लोकांनी आखलेला रस्ता लागतो, फॉस वे, एक्सिटरपासून लिंकनपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत गेलेला. त्यावरच स्टो-ऑन-द-वोल्ड. उंचावर आहे, वारा भयंकर, आईने कानाला बांधायला काहीतरी आणावं. चौकात यायला अगदी अरुंद बोळ आहेत, मेंढ्या एकामागून एक याव्यात आणि मोजता याव्यात म्हणून. इथल्या एका जत्रेत 20,000 मेंढ्या विकल्याची नोंद आहे. लोणंदचा बाजार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

या सगळ्या भागाची श्रीमंती लोकरीची. शेवटच्या गावात, नॉर्थलीचच्या चर्चमध्ये, जॉन फोर्टी नावाच्या लोकर व्यापाऱ्याच्या थडग्यावर, 1458 सालचा, त्याचं चित्र कोरलेला पितळी पत्रा आहे. त्याचा एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर. मी खाली बसून ती मेंढी नीट पाहिली, लोकरीचे वळसे अजून दिसतात. ज्या जनावरावर पोट भरलं त्याला मरणानंतरही जवळ ठेवलं, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या धनगरांना ते लगेच कळेल.

बाहेर शेतांत कोकरं होती. प्रत्येकाच्या पाठीवर निळा आकडा आणि तोच आकडा त्याच्या आईच्या पाठीवर, चुकामूक होऊ नये म्हणून. बांधांवर चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती, आजोळच्या तालींसारख्या. एका फाटकापाशी गाडी थांबवून थर्मासमधला चहा प्यायले. सतरा नंबरचं कोकरू ओरडत फिरत होतं, मग सतरा नंबरची मेंढी पार पलीकडच्या कोपऱ्यातून आली. त्यानंतरच मी निघाले.

तर गणपती उठले की निघा. बाबा, गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. आई, सँडल नको, बंद बूट घे, गवत ओलं असतं. व्हिसाचे कागद मी या रविवारी फोनवर भरून घेते, दोघांचे पासपोर्ट काढून ठेवा.

तुमची
सोनू