मुग्धाचा विमा आणि जानेवारीची तारीख

रत्नागिरी
६ जुलै

प्रिय विनायक,

मुग्धा गरोदर असताना ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला निघालीय, त्यावर परवा फोनवर तू म्हणालास, "युनिव्हर्सिटीने विमा सक्तीचा केलाय, तो घेतला की काळजी मिटली." तेवढ्यावर मिटत नाही रे. तिच्याकडे विमा आहे का, हा प्रश्न सोपा. तो कुठल्या दिवशी सुरू होतो, कुठल्या दिवशी संपतो आणि बाळ जन्मल्यावर त्याचं नाव कुणाच्या पॉलिसीवर चढतं, हे तीन प्रश्न अवघड आहेत आणि पैसे बुडतात ते तिथेच. फोनवर तारखांचा गोंधळ होतो, म्हणून लिहून पाठवतोय. मुग्धाला आणि जावईबापूंना वाचायला दे.

अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना विमा घ्याच, असा तिथल्या केंद्र सरकारचा नियम नाही. सक्ती असते ती युनिव्हर्सिटीची. म्हणून फीच्या बिलात 'स्टुडंट हेल्थ इन्शुरन्स'ची रक्कम आपोआप लागते, साधारण वर्षाला दोन ते पाच हजार डॉलर. आकडा बघितला की पोटात गोळा येतो, आणि नेमका तेव्हाच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी सीनियर सांगतो की हा 'वेव्ह' कर, म्हणजे नाकार, बाहेरून पाव किमतीत मिळतो. मुग्धाला स्पष्ट सांग, वेव्ह करायचा नाही. तो सल्ला बावीस वर्षांच्या धडधाकट पोराला एक वेळ चालेल. स्वस्त पॉलिसी प्रवासविम्याच्या जातीच्या असतात. त्यांत बाळंतपण वगळलेलं असतं, नाहीतर 'गर्भधारणा पॉलिसी सुरू झाल्यानंतर झालेली असावी' अशी अट असते. मुग्धा निघेल तेव्हा तिला अठरा आठवडे झालेले असतील, म्हणजे त्या अटीतून ती पहिल्याच दिवशी बाहेर. आपल्याकडच्या कंपन्यांच्या विद्यार्थी-पॉलिसींतही बहुधा हेच असतं. आणि एकदा वेव्ह केलं की चूक कळल्यावर परतायची वाट नसते. मध्येच विम्यात शिरायला तिकडे ठरावीक कारणं लागतात, आणि नुसतं गरोदर असणं हे त्यांत सहसा धरत नाहीत.

तिकडच्या २०१० च्या 'एसीए' या आरोग्य कायद्याला धरून असलेल्या विद्यार्थी-पॉलिसीत मात्र बाळंतपण द्यावंच लागतं, आणि आधीपासून गरोदर आहे म्हणून नाकारता येत नाही. अडचण अशी की काही युनिव्हर्सिट्या स्वतःच्या पैशातून योजना चालवतात, आणि त्यांना हा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून मुग्धाने आजच विमा विभागाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: योजना 'एसीए कंप्लायंट' आहे का, गरोदरपणासाठी वेटिंग पीरियड (ठरावीक काळ थांबायची अट) आहे का, आणि ऑगस्टमध्ये आधीच गरोदर असलेल्या विद्यार्थिनीचा जानेवारीतला खर्च त्यात बसतो का. फोनवरच्या गोड बोलण्याला किंमत नाही, ईमेल हवा.

सोबत 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज' नावाचा कागद मागायचा. काही पानांचाच असतो, सगळ्या कंपन्यांचा एकाच साच्यातला. शेवटी पेग नावाच्या एका काल्पनिक बाईच्या बाळंतपणाचं उदाहरण असतं, त्यात पेगच्या खिशातून किती जातील ते मांडलेलं असतं. तो कागद हातात आला की आधी ते पान काढा. बाकीचं मग.

आता पैशाचा हिशेब. समज, तिच्या पॉलिसीत डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) ५०० डॉलर, नंतर तिचा वाटा २० टक्के, आणि तिच्या खिशातून जाणाऱ्या पैशांची वर्षाची कमाल मर्यादा ५,००० आहे. साध्या बाळंतपणाचं मान्य बिल २०,००० झालं, तर तिचे आधी ५००, मग उरलेल्या १९,५०० चे २० टक्के म्हणजे ३,९००, मिळून ४,४००. सिझेरियन होऊन बिल ३०,००० वर गेलं, तर हिशेबाने ६,४०० येतात, पण ५,००० ला मीटर थांबतं. डॉलर ९० रुपये धरला तर साडेचार लाख. एवढी रक्कम बाजूला हवीच, आणि ती फीच्या पैशातून काढलेली नको. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, तिच्या कागदावरचे वेगळे असतील. रीत हीच.

ही मर्यादा फक्त 'इन-नेटवर्क', म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या ठिकाणी चालते, आणि तिकडे बाळंतपणाचं बिल एक नसतं. डॉक्टरची तपासण्यांपासून प्रसूतीपर्यंतची फी बहुधा एकत्र लागते. हॉस्पिटलचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, लॅबचं वेगळं, आणि बाळाचं स्वतःच्या नावाने आणखी एक. २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सरप्रायझेस' कायद्यामुळे नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाहेरचा निघाला तरी तो वाढीव रक्कम मागू शकत नाही. दवाखान्यातून रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलं तर ते संरक्षण मिळेलच असं नाही. म्हणून रक्त देण्याआधी विचारायचं, "ही लॅब माझ्या नेटवर्कमध्ये आहे का?" विशेषतः एनआयपीटी नावाची, बाळातले गुणसूत्रांचे दोष शोधणारी रक्ततपासणी सुचवली तर. तिची बिलं कधी कधी भलतीच येतात. त्याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळतं आणि तिकडे ते सहज सांगून टाकतात. नको असेल तर आधीच बजावायचं.

तारखांकडे येतो. तिची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे पहिलं सेमिस्टर डिसेंबरात संपतं आणि दुसरं सुरू व्हायच्या आसपास बाळ. वरवर सोयीचं दिसतं, पण खरी खाच इथेच आहे. काही युनिव्हर्सिट्यांचा विमा ऑगस्ट ते ऑगस्ट सलग असतो, काहींचा सेमिस्टरनिहाय. सेमिस्टरनिहाय असेल आणि "बाळ लहान आहे, हे सेमिस्टर सोडते" म्हणून तिने नाव नोंदवलं नाही, तर विमा ऐन बाळंतपणाच्या महिन्यात संपू शकतो. शिवाय बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीचे ३१ दिवस वर्गाला हजर राहण्याची अट असते. त्याआधी नाव काढलं की विमा रद्द आणि पैसे परत. परत आलेल्या पैशांचं काय करायचं, बिल डोक्यावर असताना?

म्हणून सेमिस्टर सोडायचं नाही, विषय कमी करायचे. एफ-१ वाल्यांना वैद्यकीय कारणासाठी कमी विषय घ्यायची, गरज पडली तर एकही न घेण्याची सवलत आहे. एका पदवीसाठी सगळी मिळून ती जास्तीत जास्त १२ महिने मिळते. त्यासाठी डॉक्टरचं पत्र लागतं आणि युनिव्हर्सिटीच्या 'डीएसओ'ची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी लागते. आधी विषय सोडून मग पत्र नेलं तर व्हिसाच धोक्यात येतो. कमी विषयांवर विमा टिकतो का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाकावं. गैरहजेरीची फार भीती नको. गरोदरपणावरून विद्यार्थिनीशी भेदभाव करायला १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने बंदी आहे, आणि डॉक्टरने सांगितलेली रजा द्यावी लागते.

सुरुवातीची तारीखही बघ. विमा १५ ऑगस्टला सुरू होत असेल आणि तिकीट ५ चं असेल, तर मधले दहा दिवस बाळंतपणापुरती ती उघड्यावर आहे. लवकर येणाऱ्यांसाठी विमा आधी सुरू करता येतो का विचारा, नाहीतर तिकीट पुढे ढकला.

निघण्याआधी इथे करून घ्यायचं ते असं. अठराव्या आठवड्यात ॲनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी) होऊ शकतो. देवगडात नाही तर कणकवली-कुडाळला किंवा सरळ कोल्हापूरला करून घ्या. तिकडे तोच स्कॅन डिडक्टिबलमध्ये जाईल, इथे काही हजार रुपयांत होतो. रिपोर्टबरोबर चित्रांची सीडीही घ्या. पहिल्या सोनोग्राफीचा कागद तर हवाच, कारण तारीख त्यावरून ठरते आणि तो नसला तर तिकडचे डॉक्टर सगळं पहिल्यापासून करतात. रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल, घेतलेल्या लसी आणि चालू गोळ्यांची नावं (कंपनीची नाहीत, औषधाची) असं एका पानावर डॉक्टरांकडून टाइप करून, सही-शिक्क्यानिशी घ्यायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते ठळक लिहून घ्या, अठ्ठाविसाव्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन चुकता कामा नये. प्रवासाला हरकत नाही असं पत्रही असू दे. अठराव्या आठवड्यात विमान कंपनी अडवत नाही, पण पत्र जवळ असलेलं बरं.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरला जायचं आणि स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ मिळवायची. इथल्यासारखं नंबर लावून बसता येत नाही, नव्या पेशंटला कित्येक आठवड्यांनंतरची वेळ देतात, आणि सातवा महिना उलटल्यावर नवीन केस घ्यायला अनेक दवाखाने नाखूश असतात. त्यामुळे इथूनच, जुलैमध्येच, फोन करून ऑगस्टअखेरची वेळ मागून ठेवणं उत्तम. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी, म्हणजे तिच्या बाबतीत सप्टेंबरची अखेर ते मध्य ऑक्टोबर. तिथवर डॉक्टर ठरलेला असलाच पाहिजे. नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासण्या आणि दूध काढायचा पंप नेटवर्कमध्ये विनाखर्च मिळतात, हे विसरून लोक पंप विकत घेतात.

आता बाळ. जन्मल्या क्षणापासून ते स्वतंत्र पेशंट असतं. बऱ्याच पॉलिसी पहिले ३० किंवा ३१ दिवस बाळाला आपोआप धरतात, पुढे नाव चढवून हप्ता भरावा लागतो. बाळंतीण झोपेत, जावईबापू पळापळीत, तुम्ही व्हिडिओ कॉलवर, आणि महिना कसा गेला कळत नाही. बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर आईपेक्षा त्याचं बिल मोठं होतं, तेव्हा ही मुदत चुकणं परवडत नाही. हे काम जावईबापूंच्या नावावर आत्ताच लिहून टाक. अर्ज पहिल्या आठवड्यात. हॉस्पिटलने 'बेबी बॉय अमुक' अशा नावाने पाठवलेला क्लेम विमावाले परत पाठवतात. घाबरायचं नाही, पॉलिसीचा नंबर कळवून पुन्हा पाठवायला सांगायचं. बालरोगतज्ज्ञ डिसेंबरातच ठरवा. घरी न्यायला गाडीत कारसीट लागतं, त्याशिवाय हॉस्पिटलवाले सोडायला तयार होत नाहीत. साध्या बाळंतपणाला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास हॉस्पिटलात राहायचा हक्क १९९६ च्या कायद्याने विमेदाराला आहे. लवकर घरी जा म्हणाले तर हे माहीत असावं.

बिलं आली की लगेच भरत सुटायचं नाही. विमा कंपनीकडून 'एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स' येतं, ते बिल नसतं. ते आल्यावर हॉस्पिटलचं बिल त्याच्याशी ताडून बघायचं, बाबवार बिल मागायचं. रक्कम झेपत नसेल तर बिगरनफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीची योजना ठेवावीच लागते, आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. लोक लाजून विचारत नाहीत. कळा सुरू असलेल्या बाईला पैशावरून दारातून परत पाठवता येत नाही, हा १९८६ पासूनचा कायदा आहे. पण बिल नंतर येतंच, तेव्हा तो आधार शेवटचा.

वहिनींचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरी. मला ते भाबडं वाटत नाही. इथे खासगीत सिझेरियन धरूनही लाखाच्या आसपास आटपतं, सरकारी दवाखान्यात तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात पैसेच लागत नाहीत. युनिव्हर्सिटीला प्रवेश पुढच्या ऑगस्टपर्यंत ढकलता येईल का विचारायला हरकत नाही. मात्र असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतलं पगारी काम) मिळाली असेल तर ती टिकेलच असं नाही, आणि मग बाळासाठी एफ-२ (विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा) व्हिसा काढावा लागेल. माझं मत विचारशील तर विम्याचं लेखी उत्तर चांगलं आलं तर जाऊ दे. गुळमुळीत आलं, किंवा जुलैअखेरपर्यंत आलंच नाही, तर थांबव. बाळाला तिकडचं नागरिकत्व मिळेल हा हिशेब यात धरू नका. ट्रम्प यांच्या २०२५ च्या जानेवारीतल्या आदेशापासून तो विषय कोर्टात गेला.

तुझ्या मेहुण्याची सून ब्रिटनला चाललीय, तिला यातलं काही सांगून घाबरवू नकोस. तिकडे विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, आणि मग बाळंतपण सरकारी सेवेत होतं, त्यासाठी ठरावीक काळ थांबायची अट नाही. फक्त सहा महिन्यांपेक्षा लहान कोर्स असेल तर हा अधिभार नसतो आणि हॉस्पिटल दीडपट दराने बिल लावतं. जर्मनीतही तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विम्यात प्रतीक्षा नाही, खासगीत मात्र बाळंतपणाला आठ महिने थांबावं लागतं.

वहिनी डिसेंबरात तिकडे जाणार असतील तर व्हिजिटर व्हिसाचा अर्ज आत्ताच भरा, मुलाखतीच्या तारखा लांबच्या मिळतात. मुलाखतीत "मुलीच्या बाळंतपणाला मदतीला जातेय" असं सरळ सांगावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांचा स्वतःचा प्रवासविमा वेगळा काढा, आणि त्यात ब्लडप्रेशर लपवू नका. पासपोर्टची मुदत मात्र आजच बघ.

तुझा,
श्रीधर