मृत्यूच्या दाखल्यापाशी थांबू नका

इंग्लंडमधील पूर्वजांचा शोध घेण्याविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. मृत्यूचा दाखला मिळाला की शोध संपला, हे त्यातील मत मात्र पटले नाही. १८३७ पासूनच्या तिथल्या दाखल्यावर खबर देणाऱ्याच्या रकान्यात नातेवाइकाऐवजी कॉरोनरचे (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे) नाव आणि चौकशीची तारीख दिसली, तर खरा शोध तिथून सुरू होतो. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची ही चौकशी ज्युरीपुढे होई आणि १९२६ पर्यंत ज्युरींना मृतदेह स्वतः पाहावा लागे. शेजारीण, मालक, सोबतचा मजूर यांच्या साक्षी नोंदवल्या जात. ज्यांनी आयुष्यात एक पत्रही लिहिले नाही, अशा माणसांचा शेवटचा दिवस त्यातून कळतो. १८४६ पर्यंत तर जीव घेणाऱ्या गाडीच्या चाकाची किंवा घोड्याचीही किंमत दंडासाठी ठरवून लिहीत.

बरीच कागदपत्रे नष्ट झाली आहेत, हे खरे. पण त्यामुळे वाट बंद होत नाही. १७५२ ते १८६० या काळात कॉरोनर चौकशीमागे १ पौंड आणि प्रवासाचे मैलामागे ९ पेन्स मागत. ती बिले परगण्यांच्या अभिलेखागारांत सापडतात, त्यांत मृताचे नाव आणि ठिकाण असते. चौकशीच्या आठवड्याचे स्थानिक वर्तमानपत्र तर आधी चाळावे. मूळ साक्षी हरवल्या तरी त्यांचा वृत्तांत तिथे अनेकदा सविस्तर छापलेला असतो. ७५ वर्षांच्या आतील कागद सहसा खुले नसतात, तेव्हा हाच आधार उरतो.

– एक वाचक