रायफलीच्या दस्त्यावरची रेल आणि कोकणातला पावसाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेमबाजीच्या रायफलीच्या लाकडी दस्त्याला खालून बसवायच्या वीतभर लांबीच्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीविषयी, म्हणजेच ‘रेल’विषयी, हे पत्र लिहीत आहे. विषय फारच लहान वाटेल, पण याच पट्टीपायी माझ्या पुतणीचा गेल्या वर्षीचा बहुतेक पावसाळा सरावावाचून गेला. ही पट्टी आपल्याच जिल्ह्यात, आपल्या हवेचा विचार करून उत्तम तयार करता येते, हे स्वतः करून पाहिल्यानंतर ते इतर पालकांपर्यंत आणि क्रीडा विभागापर्यंत पोहोचावे असे मनापासून वाटते. मी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत गेली सत्तावीस वर्षे फिटरचे काम करतो.

माझी पुतणी व्हीलचेअर वापरते आणि दहा मीटर एअर रायफलच्या ‘प्रोन’ प्रकाराचा सराव करते. पॅरा नेमबाजीत या प्रकाराला आर-३ म्हणतात आणि त्यात मुले-मुली एकत्र खेळतात. प्रोन म्हणजे पालथे झोपून असा अर्थ असला, तरी येथे खेळाडू खुर्चीत बसून दोन्ही कोपरे टेबलावर टेकवतो. डाव्या दंडाला चामड्याचा पट्टा, म्हणजे स्लिंग, बांधलेला असतो. स्लिंगचे दुसरे टोक ‘हँडस्टॉप’ नावाच्या छोट्या अडणीला जोडतात आणि ती अडणी दस्त्याच्या खालच्या रेलच्या खोबणीत मागे-पुढे सरकवून हव्या त्या जागी आवळतात. नेम धरला असताना रायफलीचा बराचसा भार स्लिंगमधून या रेलवर येतो. आम्ही ताणकाटा लावून पाहिला तेव्हा तो ओढा सहा-सात किलोच्या आसपास भरला. साठ गोळ्यांच्या फेरीत हा ओढा साठ वेळा येतो आणि सुटतो. म्हणून रेल ही शोभेची वस्तू नव्हे, खेळाडूचा हात आणि रायफल यांना बांधून ठेवणारा तो सांधा आहे.

आम्ही घेतलेली रायफल जुनी, साध्या सरावाच्या बनावटीची होती. तिचा दस्ता ‘बीच’ या युरोपातल्या झाडाच्या लाकडाचा होता आणि त्याला मुळात रेलच नव्हती. मोठ्या शहरातील एका दुकानाने ती बसवून दिली, आम्ही पैसे मोजले आणि आनंदाने घरी आलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सराव चालू असतानाच, रेलचा पुढचा भाग दस्त्यातून उचकटून स्लिंगसकट तिच्या हातात आला. दुखापत झाली नाही, हे आमचे नशीब.

रेल उघडल्यावर सगळे ध्यानात आले. चार साधे लाकडी स्क्रू थेट बीचमध्ये पिळलेले होते. भोकांच्या आतले लाकूड उघडे, ना रंग ना तेल. स्क्रू लोखंडी असल्याने त्यांच्याभोवतीचे लाकूड गंजाने काळे पडले होते आणि रेलच्या पाठीवर, स्क्रूच्या डोक्यांखाली, पांढरी भुकटी धरली होती. खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनिअम असेच खाल्ले जाते, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही बोटमालकाला ठाऊक असते. खरी धास्ती मात्र पुढेच होती. मागच्या स्क्रूचे टोक दस्ता आरपार भेदून हवेच्या सिलिंडरच्या खोबणीत डोकावत होते. स्पर्धेच्या एअर रायफलीचे सिलिंडर साधारण दोनशे बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, दाबाने भरलेले असते. सिलिंडर आणि ते टोक यांच्यामध्ये जेमतेम एका पोस्टकार्डाची जाडी उरली होती.

एवढ्याशा पट्टीची इतकी चिंता कशासाठी, असे कोणी विचारील. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलीमीटरचा असतो आणि एका वर्तुळापासून पुढचे वर्तुळ अडीच मिलीमीटरवर असते. दस्त्याचा खांद्याकडचा भाग जागेवर राहून तिथून ऐंशी सेंटिमीटरवर पुढचे टोक मिलीमीटरच्या फक्त दहाव्या भागाने सरकले, तर लक्ष्यावर गोळी सव्वा मिलीमीटर बाजूला जाते, म्हणजे अर्धे वर्तुळ. आर-३ मध्ये गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ आणि साठ गोळ्यांना ६५४. तिथे अर्ध्या वर्तुळाची चूक म्हणजे अर्धा गुण, आणि डुगडुगणारी रेल ही चूक प्रत्येक गोळीला वेगवेगळ्या दिशेने करवते. खेळाडू बिचारा आपल्या श्वासाला आणि बोटाला दोष देत बसतो.

नवी रेल तयार करताना मी आधी लाकडाचा विचार केला, धातूचा नंतर. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र चांगलेच फुगते, आणि बीच यात पुढे आहे. लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर पंचेचाळीस मिलीमीटर रुंदीचा दस्ता पाऊण मिलीमीटरच्या आसपास रुंदावतो. युरोपातल्या कोरड्या, गरम केलेल्या सभागृहासाठी घडवलेला दस्ता तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात आला की तो हे करणारच. मालवणच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर सुतारकाकांकडे मी दस्ता घेऊन गेलो. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि एवढेच म्हणाले, “पावसात लाकूड फुगतलाच, तेका वाट ठेव.” माझ्या संपूर्ण आराखड्याचा पाया हे वाक्य आहे.

रेल २४० मिलीमीटर लांब, २५ रुंद आणि १२ जाड घेतली, ६०६१-टी६ या ॲल्युमिनिअमची. आधी साध्या एंड मिलने सरळ खाच मारली, मग टी-स्लॉट कटरने तिच्या पोटात दोन्ही बाजूंना रुंदी वाढवली. हँडस्टॉपचा नट व्हर्नियरने मोजून खोबणी त्याहून दोन दशांश मिलीमीटरच सैल ठेवली. जास्त सैल ठेवली तर आवळताना अडणी तिरकी बसते. काठावर दर पाच मिलीमीटरला रेघ आणि आकडे कोरले, म्हणजे रायफल पेटीत ठेवून पुन्हा जोडली तरी अडणी त्याच जागी येते. सगळे धरून वजन दीडशे ग्रॅमच्या आत राहिले. रायफलीला साडेपाच किलोची मर्यादा असल्यामुळे तेही पाहावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या खाचाखाचांच्या ‘पिकॅटिनी’ रेल अनेक मुले हौसेने मागवतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील एका शस्त्रनिर्मिती केंद्राचे नाव लागलेली ही रचना १९९५ साली लष्करी मानक म्हणून ठरली आणि दुर्बीण किंवा दिवा बसवण्यासाठी ती चांगलीच आहे. पण तिच्या खाचा १०.०१ मिलीमीटर अंतरावर असतात. हँडस्टॉप दोन-तीन मिलीमीटर सरकवण्याची गरज असताना थेट दहा मिलीमीटरची उडी मारावी लागली, तर खेळाडूचा खांदा आणि कोपर दोन्ही बिघडतात. स्लिंगसाठी सलग खोबणीचीच रेल हवी, असे माझे ठाम मत आहे.

रेल करण्यापेक्षा ती बसवायला जास्त वेळ लागला. सिलिंडर काढले, नळी आणि यंत्रणा दस्त्यातून वेगळी केली आणि कोरा दस्ता तेवढा कारखान्यात नेला. मध्यरेषा दस्त्याच्या कडेवरून काढली नाही, कारण कड हाताने घासलेली असते. ती नळी ज्या खोबणीत बसते तिच्यावरून, सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, उंची मोजणारे हाइट गेज लावून काढली. रेल नळीच्या बरोबर खाली आणि तिला समांतर नसेल, तर अडणी पुढे सरकवताच रायफल एका अंगाला कलते. सर्वांत पातळ जागी लाकूड चौदा मिलीमीटर होते. त्यात चार मिलीमीटर खोल आणि सव्वीस मिलीमीटर रुंद खाच घेतली, म्हणजे रेलच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा मिलीमीटर मोकळा राहिला. सुतारकाकांनी सांगितलेली वाट ती हीच. उरलेल्या दहा मिलीमीटरमध्ये आठ मिलीमीटर लांबीचे, आतून एम-५ (पाच मिलीमीटरच्या) आट्याचे पितळी इन्सर्ट, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या छोट्या नळ्या, इपॉक्सी हा घट्ट होणारा गोंद लावून बसवले. ड्रिलला चिकटपट्टीची खूण बांधली होती आणि प्रत्येक भोकाची खोली डेप्थ गेजने तपासली, कारण त्या दोन मिलीमीटरपलीकडे सिलिंडरची जागा आहे.

भोकांच्या आतले लाकूड पाणी सर्वाधिक पिते. होडीच्या बोल्टच्या भोकात सुतार काजूच्या टरफलांचे तेल सोडतात, तोच विचार करून मी भोके आणि खाच पातळ इपॉक्सीने दोनदा भिजवून बंद केली. मग रेलच्या पाठीला मेणाचा हात दिला, खाचेच्या तळाशी घट्ट इपॉक्सीचा पातळ थर पसरला आणि रेल हलक्या हाताने दाबून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ती सुटून आली तेव्हा तळाला तिचा हुबेहूब ठसा उमटलेला होता. आता रेल उंचवट्यांवर डुलत नाही, ती पूर्ण पाठीने टेकते. तीन स्क्रूंपैकी मधला गोल भोकात पक्का आहे आणि टोकांच्या दोन स्क्रूंची भोके लांबट ठेवली आहेत. तापमानातील पंधरा अंशांच्या फरकाने एवढी पट्टी आठ-नऊ शतांश मिलीमीटर वाढते, आणि लाकूड त्या दिशेने तितके वाढत नाही. जागा नसेल तर रेल कमानीसारखी वाकू पाहते आणि तो ताण दस्त्यात शिरतो. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घेतले, ग्रीस लावून बसवले, आणि त्यांची डोकी खोबणीच्या तळाच्या खाली बुडवली, म्हणजे नट मोकळा सरकतो. रेलला ॲनोडायझिंग, म्हणजे पृष्ठभागावर संरक्षक थर, करून घेतले. बाजूची अर्ध्या मिलीमीटरची फट सिलिकॉनने भरली, ते लाकडाबरोबर दबते आणि पाणी आत जाऊ देत नाही.

या वर्षीच्या पावसाळ्यात दर रविवारी मी ते स्क्रू तपासले. जून ते सप्टेंबर, एकही सैल पडला नाही. ऑगस्टमध्ये एका बाजूची फट बारीक झाली आणि सिलिकॉन थोडे वर आले, रेल मात्र जागची हलली नाही.

कायद्याविषयीही लिहिणे माझे कर्तव्य आहे. ही रायफल ४.५ मिलीमीटरची असून तिची ऊर्जा २० ज्यूलच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी आहे. त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार तिला परवाना लागत नाही. शेतीरक्षणाच्या परवान्यावरील बंदुका कोकणात अनेक घरांत आहेत. त्या कोणीही माझ्यासारख्या फिटरकडे दुरुस्तीला किंवा फेरफाराला आणू नयेत, ते काम परवानाधारक दुकानाचेच आहे. एअर रायफलीच्या बाबतीतही कारखान्यात फक्त सुटा दस्ता जावा, सिलिंडर घरीच राहावे.

आता माझी विनंती. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले आणि टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये कोल्हापूरच्याच स्वरूप उन्हाळकर यांचे पदक एका क्रमांकाने हुकले, तेव्हापासून घाटाखालच्या मुलांमध्येही या खेळाची ओढ वाढलेली मी पाहतो आहे. त्यांच्या हातात बहुधा जुन्या, दुसऱ्याने वापरलेल्या, लाकडी दस्त्याच्या रायफली येतात. नवा ॲल्युमिनिअमचा दस्ता परदेशातून आणणे त्यांच्या घरांना झेपत नाही, आणि चांगली रेल बसली तर त्याची गरजही नाही. मालवण आणि रत्नागिरीची शासकीय तंत्रनिकेतने आणि आपल्या तालुक्यांतील आयटीआय यांच्याकडे मिलिंग मशीनही आहे आणि ते चालवणारे हातही आहेत. टी-स्लॉट कापणे हे मशिनिस्ट ट्रेडच्या विद्यार्थ्याला शिकवलेच जाते. सरावाच्या जॉबऐवजी त्याने वर्षातून दहा रेल कापल्या, तर तेवढ्याच मेहनतीत दहा खेळाडूंची सोय होईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दिव्यांग नेमबाजांच्या साहित्यातील अशा लहान दुरुस्त्या आणि बदल त्यातून व्हावेत, अशी मागणी मी आमच्या ग्रामपंचायतीकडे लेखी केली आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी पुढाकार घेऊन पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, लाकडी दस्ते तपासण्याचा एखादा दिवस ठेवला तर स्क्रू, भोके आणि उघडे लाकूड वेळीच नजरेस पडेल.

रेलचे मोजमापांसह रेखाचित्र आणि भोकांसाठी वापरलेला पत्र्याचा फर्मा कोणत्याही आयटीआयला विनामूल्य देण्यास मी तयार आहे. पहिल्या दोन रेल कापताना मी स्वतः मशीनपाशी उभा राहीन. फर्म्यात एक दुरुस्ती मात्र करायची आहे. पुढच्या टोकाचे लांबट भोक आणखी अर्धा मिलीमीटर वाढवायला हवे, कारण आमची रेल फेब्रुवारीत बसवली होती आणि मेच्या दुपारी तो स्क्रू भोकाच्या कडेला जवळजवळ टेकलेला दिसला.

आपला नम्र,
एक फिटर, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग