घोड्याच्या साजाच्या कड्या ओळखून देणाऱ्यांचे आभार

मेटल डिटेक्टरने मातीतून निघालेल्या पितळी तुकड्यांचे फोटो टाकून ‘हे काय आहे?’ असं आम्ही विचारलं होतं. ते पाहून ज्यांनी वेळ काढून उत्तरं दिली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं माहीत नाहीत, पण एकेकाचं बारीक लक्ष थक्क करणारं!

खाली आट्यांचा दांडा असलेली कडी फर्निचरची नसून घोड्याच्या साजाची आहे, तिच्यातून लगामाचे पट्टे जातात, हे कुणीतरी लगेच सांगितलं. शिवाय कडीची आतली बाजू बघायला लावली. खरंच, पट्टे घासून तिथलं पितळ एका अंगाने गुळगुळीत, पातळ झालंय. सोबत निघालेल्या आकड्याला गाडी ओढणारे पट्टे अडकवतात, हेही कळलं. बकलांचं विचाराल तर ती कुठल्याही पट्ट्याची असू शकतात, असं स्पष्ट सांगणाऱ्याचे जास्तच आभार.

साजावरच्या शोभेच्या चकतीवर मात्र छान वाद रंगला: ती ओतीव की ठशाची? ओतीव चकती जाड असते, मागे कानशीचे ओरखडे सापडतात. ठशाची पातळ पत्र्याची असते आणि तिची नक्षी मागून उलटी दिसते. आमची ठशाची निघाली. ‘घासून चकचकीत करू नका’ हा सल्ला वेळेवर मिळाला, लिंबू कापून तयार होतं.