गांजाच्या धाडी छापता, औषधाबद्दलपण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसात गांजाची झाडं सापडली, एवढा माल पकडला अशा बातम्या आपल्या पेपरात सारख्या येतात, त्या यायलाच पाहिजेत. पण त्याच झाडातनं जे औषध निघतं त्याच्याबद्दल कधी वाचायला मिळत नाही, मग लोक मोबाईलवर बघून काय पण मागवतात.

मिरजेत आमचं मेडिकल आहे. परवा जतकडच्या एक ताई आल्या, पोराला फिट येतात. प्रिस्क्रिप्शनबरोबर पिशवीतनं ऑनलाईन मागवलेली विजया तेलाची (विजया म्हणजे भांग-गांजाचंच झाड) बाटली काढली आणि म्हणल्या, दादा हे गोळीबरोबर दिलं तर चालतंय का. लेबलवर अर्क किती ते होतं, पण त्यात सीबीडी (ह्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) किती आणि नशा आणणारं टीएचसी किती, काही पत्ता नाही. आणि चिठ्ठीवर फिटची गोळी क्लोबाझाम! सीबीडीमुळं ह्या गोळीचा अंमल शरीरात वाढतो, पोर नुसतं पेंगत राहतं. व्हॅलप्रोएट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर सीबीडीबरोबर लिव्हरच्या टेस्ट करत राहायला लागतात. डॉक्टरांना सांगितलं का विचारलं तर म्हणल्या, ओरडतील.

अमेरिकेत २०१८ ला एपिडायोलेक्स नावाचं शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं, पण ते लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्रावे ह्या अवघड फिटसाठी, सरसकट सगळ्यांना नाही. डोस दिवसाला किलोमागं १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या पोराला २०० ते ४०० मिलिग्रॅम, आणि तो पण हळूहळू वाढवत न्यायचा. जिभेखाली दोन थेंब टाकून एवढं कुठनं जाणार? केमोच्या उलट्यांवर ड्रोनाबिनॉल, नॅबिलोन ही टीएचसीच्या जातीची औषधं १९८५ पासनं आहेत, पण त्यावरनं कॅन्सर बरा होतो म्हणून व्हिडिओ फिरवणं हा पेशंटच्या जिवाशी खेळ आहे.

१९८५ च्या एनडीपीएस ह्या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसतं पान गांजात धरत नाहीत, म्हणून ही तेलं आयुषच्या लायसनवर विकली जातात. विका, पण बाटलीवर सीबीडी-टीएचसीचा आकडा आणि लॅबचा रिपोर्ट सक्तीचा करा. डॉक्टरांनीपण न ओरडता स्वतःहून विचारावं, घरी अजून काय देताय. त्या ताईंना मी बाटली घेऊन परत डॉक्टरांकडंच पाठवलं.

सांगली-मिरजेत एवढे मेंदूचे डॉक्टर आहेत, त्यातल्या कुणाला तरी विचारून ह्यावर अर्धं पान छापा ही विनंती.

आपला वाचक,
एक मेडिकलवाला, मिरज, जि. सांगली