चिखलाची वही

ब्रेमेन, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर माझा आवाज चढला, ते नंतर मलाच लागून राहिलं. फोन ठेवल्यावर बाबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ते पुन्हा वाचलं. 'हिमयुगातही बर्फ वितळलाच होता, तेव्हा कुठे मोटारी होत्या?' त्याखाली बाबा, तुमचा स्वतःचा प्रश्न होता: 'बर्फ वितळला म्हणून थंडी वाढली असं तू म्हणतेस, हे उलटं कसं?' मी वरच्या ओळीवर चिडले आणि खालच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. प्रश्न अगदी रास्त आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मला नीट सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आई, तू शेजारी सांगतेस ना, 'आमची लेक तिकडे चिखल बघते', ते शंभर टक्के खरं आहे. इथल्या कोठारात समुद्रतळातून काढलेल्या चिखलाच्या नळ्या आहेत. सगळ्या एकापुढे एक मांडल्या तर दीडशे किलोमीटरच्या पुढे जातील. दीड-दीड मीटरचे तुकडे करून, उभे चिरून, चार अंशांत ठेवतात. त्यामुळे भर उन्हाळ्यातही मी तुझा मोरपंखी स्वेटर घालून कामाला जाते.

उत्तर अटलांटिकचा चिखल हाताला ओल्या शाडूसारखा मऊ लागतो. बोट फिरवत गेलं की मधेच एका थरात कचकच लागते. वाळू, खडे, चुनखडीचे फिकट तुकडे. आता जमिनीपासून शेकडो कोस दूर, भर समुद्राच्या तळाशी खडे नेऊन कोण टाकणार? 1988 साली हार्टमुट हाइनरिख या जर्मन संशोधकानं ईशान्य अटलांटिकमधल्या एका बुडालेल्या डोंगराजवळचे असे थर मोजून मांडले. (त्या डोंगराचं जर्मन नाव 'ड्राइत्साक', म्हणजे त्रिशूळ. बाबा, तुम्हाला आवडेल.) ते खडे हिमनगांच्या पोटातून आले होते. त्यातले बरेचसे थेट कॅनडाच्या हडसन सामुद्रधुनीकडचे, हे पुढे त्या चुनखडीवरून कळलं. तेव्हा कॅनडावर जवळजवळ तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसलेला होता. त्याचा बुडखा घसरून तो समुद्रात सुटायचा, हिमनगांचे तांडेच्या तांडे पूर्वेकडे वाहत यायचे, वाटेत वितळायचे आणि पोटातले दगड खाली टाकायचे. गेल्या 60,000 वर्षांत असं सहा वेळा झालं. त्यातला शेवटचा फेरा साधारण 17,000 वर्षांपूर्वीचा.

आता तुमचा प्रश्न. याचं उत्तर आईच्या बरणीत आहे.

आई, खारातल्या कैऱ्यांचं ते वर्ष आठवतंय? पाणी कमी पडलं म्हणून तू वरून तांब्याभर साधं पाणी ओतलंस आणि ढवळायला विसरलीस. वरच्या कैऱ्यांना बुरा आला, खालच्या ठणठणीत. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तसंच बसून राहिलं. अटलांटिकमध्ये हेच झालं. एरवी विषुववृत्ताकडचं ऊबदार खारं पाणी वर उत्तरेला जातं, तिथे आपली ऊब हवेला देऊन गार होतं, जड होतं आणि तळाशी बुडतं. ते बुडतं म्हणून मागून नवं ऊबदार पाणी ओढलं जातं. रहाटगाडग्यासारखं. त्यावर वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी पसरलं की वरचं पाणी कितीही गार झालं तरी बुडेना. रहाट मंदावला, कधी थांबायला आला. उत्तरेला ऊब पोचेना, समुद्र गोठू लागला आणि पांढऱ्या बर्फावरून ऊन परत फिरलं, म्हणजे थंडीत आणखी भर.

याचा पुरावा मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. रव्याच्या कणाएवढे शंख असतात, समुद्राच्या वरच्या पाण्यात जगणाऱ्या एकपेशीय जीवांचे. त्यातल्या दोन अगदी जवळच्या प्रकारांपैकी थंड पाण्यातल्याचं वळण डावीकडे आणि कोमट पाण्यातल्याचं उजवीकडे. बारीक कुंचला ओला करून एकेक उचलायचा आणि डावा-उजवा मोजायचा. त्या खड्यांच्या थरात डावे, डावे, डावेच. देवघरातल्या शंखावरून तुमचा आणि काकांचा झालेला वाद आठवून मला एकटीलाच हसू येतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते, कारण तुम्ही पकडालच. काही ठिकाणच्या नोंदींत आधी गारठा सुरू झालेला दिसतो आणि हिमनग मागाहून येतात. म्हणजे पहिला धक्का नेहमी हिमनगांनीच दिला असं नाही. पण रहाट मंदावल्यावर त्याला दीर्घकाळ तसंच ठेवण्यात त्या गोड्या पाण्याचा हात मोठा, असं मी तरी मानते.

उत्तरेला न पोचलेली ऊब कुठे गेली? दक्षिणेत साठली. अंटार्क्टिका तापू लागली, तराजूची दुसरी बाजू जशी. तिथल्या महासागरानं खोल पाण्यात दडवलेला कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात केली. हिमयुगाच्या अखेरीस हवेत तो दर दहा लाखांत 190 च्या आसपास होता, तो काही हजार वर्षांत 260 च्या वर गेला आणि त्यानं सगळी पृथ्वी हिमयुगातून बाहेर काढायला मदत केली. म्हणजे मोटारी नव्हत्या हे खरं, पण वायू तोच होता. आज तो 420 च्या पुढे गेलाय आणि ग्रीनलंड वर्षाला अडीचशे अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतंय. व्हॉट्सअॅपवरच्या त्या ओळीवर मला एवढंच म्हणायचं होतं. ओरडायची गरज नव्हती.

पण बाबा, हे सगळं लिहायला बसले ते पावसासाठी. उत्तर गारठली की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर त्या शेवटच्या फेऱ्यात आटून गेलं होतं. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुन्याच्या खांबांमध्येही त्या काळातला मान्सून रोडावलेला दिसतो. आणि अरबी समुद्रात तर तो डोळ्यांनी दिसतो. नैर्ऋत्येचे वारे जोरात असले की खोलचं पाणी वर येतं, जीवसृष्टी माजते, मरून खाली पडते, कुजताना तळाजवळचा प्राणवायू संपवते. मग तळाशी किडादेखील जगत नाही, कुणी चिखल उकरत नाही आणि वर्षावर्षाचे काळपट थर वहीच्या पानांसारखे एकावर एक राहतात. मान्सून दुबळा झाला की प्राणवायू परततो, किडे परततात, पानं कालवून टाकतात आणि चिखल फिकट होतो. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरून काढलेल्या नळ्यांत हे काळे-फिकट पट्टे ग्रीनलंडच्या बर्फात नोंदलेल्या तापमानाच्या चढउतारांशी जुळतात, हे 1998 साली प्रसिद्ध झालं.

तुम्ही पाटबंधारे खात्यात लागलात त्याच्या दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. 1972 च्या वहीतलं जुलैचं पान तुम्ही मला दाखवलं होतं. सकाळी साडेआठची नोंद, तारखांपुढे शून्य, शून्य, मधेच दोन मिलिमीटर, पुन्हा शून्य. मी पहिल्यांदा अरबी समुद्रातला फिकट थर पाहिला तेव्हा हेच पान डोळ्यांपुढे आलं. फरक एवढाच की त्या थरात हजारभर वर्षं आहेत. पाऊस पूर्ण गेला नव्हता, पण कमी होता, आणि त्याचं कारण पश्चिम गोलार्धात कॅनडाच्या किनाऱ्यावर सुटलेल्या बर्फात शोधावं लागतं.

वह्या माळ्यावरून खाली आणून ठेवा, तिथे वाळवी आहे. डिसेंबरात आले की आपण दोघं बसून एकेका पानाचे फोटो काढू. गच्चीवरचं पर्जन्यमापक कलंडलंय असं आई म्हणत होती. गुडघा दुखत असताना तुम्ही शिडी चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा.

आणि ते व्हॉट्सअॅपवरचं ज्यांना ज्यांना पुढे पाठवलंत, त्यांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. कैऱ्यांचा भाग तेवढा आईला विचारून.

तुमची,
मनू